दुसऱ्याच्या वहीत आपले अक्षर नको

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या दाराची बेल वाजली की सौ. स्वयंपाकघरातूनच हाक देते, "बघा हो, तुमचं गिऱ्हाईक आलं!" गिऱ्हाईक हा शब्द तसा खरा नाही. इथे पैशांचा व्यवहार नसतो. फार तर एखाद्या डब्यातून अळूवड्या येतात, नाही तर गावाकडचे चार आंबे. येणारी माणसे बहुतेक साठी ओलांडलेली. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पिशवी आणि पिशवीत कोपरे दुमडलेली एखादी जुनी वही. चहा होतो, गुडघ्यांची आणि लोकल गाड्यांची विचारपूस होते आणि मग जरासे संकोचून माणूस मुद्द्यावर येतो, "ते ब्लॉग का काय म्हणतात ना, तो आम्हालाही एक काढून द्याल का?"

'काढून द्याल का' या शब्दांची मला मोठी गंमत वाटते. आपल्याकडे रेशनकार्ड काढून देतात, पासपोर्ट काढून देतात, जातीचा दाखला काढून देतात. ओळखीतला कोणी जाणकार गाठायचा, त्याने अर्ज भरायचा, आपण सही करायची की काम झाले. ब्लॉगही असाच एकदा काढून मिळतो आणि मग तो आपोआप चालतो, अशी पुष्कळांची समजूत असते. खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे माझीही समजूत तशीच होती. आता मात्र अनुभवाने कळले आहे, की दुसऱ्याला ब्लॉग काढून देणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. तो ज्याचा आहे त्याचाच राहू देणे हे त्याहून कितीतरी अवघड काम आहे. मदत करायला जाणारे बहुतेक जण, त्यात मीही आलो, नेमके तिथेच चुकतात.

माझा जन्म छापखान्यात गेला. उल्हासनगरच्या निरनिराळ्या छापखान्यांत तीस वर्षे मुद्रितशोधकाचे काम केले. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, क्वचित एखादा दिवाळी अंक. ऱ्हस्व-दीर्घ पाहता पाहता डोळ्यांना चष्मा लागला आणि चष्म्याचा नंबर वाढता वाढता निवृत्तीही आली. गेल्या बारा वर्षांत मी तीस-पस्तीस जणांना ब्लॉग सुरू करून दिले असतील. त्यातले आज चालू आहेत अकरा. बाकीचे का थांबले, याचा हिशेब मांडावा म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. कल्याणहून कर्जतच्या दिशेने लोकल निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने ओळीने येतात. मुंबईच्या बातम्यांत या गावांची नावे कधी येतात? रूळ पाण्याखाली गेले की, नाही तर काही वाईट घडले की. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. हजाराच्या आसपास प्रवाशांची सुटका झाली, देशभर चित्रे दिसली. पण त्याच दिवशी नदीकाठच्या घरांतून ज्यांनी गाद्या आणि गॅसच्या शेगड्या माळ्यावर चढवल्या, त्यांनी तो दिवस कसा काढला हे कोण सांगणार? त्यांनी स्वतः लिहिले तरच ते कळायचे.

अंबरनाथचे शिवालय पाहायला लांबून माणसे येतात. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख त्या मंदिरावर आहे आणि त्यातून शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले. वालधुनीच्या काठी उन्हातान्हात बसून ज्यांनी तो दगड घडवला, त्यांनी दुपारी काय खाल्ले, त्यांची पोरे कुठे झोपत, हे मात्र कोणी कुठे कोरून ठेवलेले नाही. राजांचे लिहिणारे असतात. पाथरवटाचे पाथरवटालाच लिहावे लागते.

यात माझे स्वतःचेही एक दुखणे आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो सर्वांना आठवतो. आमच्याकडे त्या दिवशी उल्हास नदी घरात आली होती. तळमजल्यावरच्या ट्रंकेत माझ्या वडिलांच्या रोजनिशीच्या सात वह्या होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही त्या दोरीवर कपड्यांसारख्या वाळत घातल्या. कागद वाळला, शाई मात्र गेली. तेव्हापासून कोणाच्याही पिशवीत जुनी वही दिसली की मला राहवत नाही.

आता ब्लॉग म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. जहाजावर रोजची नोंद ठेवण्याची जी वही असते तिला इंग्रजीत 'लॉग' म्हणतात. 'वेब' म्हणजे जाळ्यावर ठेवलेला लॉग तो 'वेबलॉग'. हा शब्द १९९७ साली निघाला आणि दोन वर्षांत तो आखडून 'ब्लॉग' झाला. मराठीत कोणी त्याला अनुदिनी म्हटले, कोणी जालनिशी. शब्द दोन्ही छान, पण रूढ झाला तो ब्लॉगच. ब्लॉगर ही सोय १९९९ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये ती गुगलने घेतली आणि त्याच वर्षी वर्डप्रेसही आले. दोन्हीकडे पैसे न भरता स्वतःचे पान उघडता येते.

मराठीची अडचण निराळी होती. आमच्या छापखान्यात एका फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी विचित्र चिन्हांची रांगोळी दिसायची. प्रत्येक फॉन्टवाल्याचे आपले वेगळे संकेत. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. त्यात देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या संगणकांपर्यंत ती पोहोचायला आणखी दहाएक वर्षे गेली. त्यानंतर पुण्या-मुंबईची आणि अमेरिकेतली मराठी मंडळी हिरिरीने ब्लॉग लिहू लागली. पुढे २०१७ मध्ये मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आली आणि ज्यांची बोटे थरथरतात, ज्यांना कळफलक जमत नाही, त्यांचाही मार्ग मोकळा झाला. माझ्याकडचे गिऱ्हाईक वाढले ते तेव्हापासून.

त्याच सुमारास बदलापूरजवळच्या एका गावातल्या ताई माझ्याकडे आल्या. आगरी घरातल्या, वय अठ्ठावन्न-साठ. शाळा सातवीपर्यंत. त्यांच्या सासूबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात धवले गाणारी, विधी सांगणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्यावाचून पूर्वी लग्न पुढे सरकत नसे. सासूबाई गेल्या आणि त्यांच्याबरोबर पुष्कळसे गाणेही गेले. ताईंना जे आठवत होते ते लिहून ठेवायचे होते. गाणी, लग्नघरातली धांदल, भाताची लावणी, तांदळाच्या भाकरीचा हात, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सुक्या मासळीचा वास, सगळेच. त्यांनी मोबाइलवर बोलून तीन लेख पाठवले. मी हरखून गेलो.

आणि मग माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. त्यांनी 'पानी' म्हटले होते, मी 'पाणी' केले. 'डोले' चे 'डोळे' केले. 'कराला' चे 'करायला', 'नाय' चे 'नाही'. मोबाइलनेही माझ्या आधीच बरेचसे तसे करून ठेवले होते, कारण त्या यंत्राला शिकवलेली मराठी पुस्तकातली. वाक्ये मी जरा नीटनेटकी केली, दोन ठिकाणी परिच्छेद पाडले, एका ठिकाणी 'अविस्मरणीय' असा शब्दही घातला. लेख देखणे झाले. लोकांनी वाचले, वाहवा केली. चौथा लेख आला, तोही मी तसाच घासूनपुसून लावला. पाचवा आलाच नाही.

महिना गेला, दोन गेले. एक दिवस त्यांची लेक स्टेशनवर भेटली. मी विचारले, "अगं, आईचं लिखाण का थांबलं?" ती जरा घुटमळली. म्हणाली, "काका, राग नका मानू. आई म्हणते, ते लेख चांगले आहेत, पण ते माझे नाहीत, काकांचे आहेत. शेजारणीला वाचून दाखवले तर ती म्हणाली, ही तर बाईची भाषा वाटत नाही, शाळेतल्या मास्तरांची वाटते."

त्या संध्याकाळी मला जेवण गेले नाही. तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण एवढी मोठी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. सासूबाईंची जी भाषा टिकवण्यासाठी त्या बाई माझ्याकडे आल्या होत्या, तीच मी खोडून टाकली होती आणि वर त्याला मदत म्हणत होतो.

मला तेव्हा आठवल्या त्या बहिणाबाई. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ते टिपून ठेवत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, ते टिपण आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडले आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाईची गाणी' प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आईची भाषा 'सुधारून' पुण्याच्या कवितेसारखी करणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी ते केले नाही. खानदेशातली बोली खानदेशातलीच ठेवली. विचार करा, त्या वेळी त्यांच्या हातात माझ्यासारखी लाल पेन्सिल असती तर आज बहिणाबाई आपल्याला ठाऊक असत्या का? लिहून घेणारा कसा असावा याचा याहून मोठा धडा मराठीत दुसरा नाही. आणि लक्ष्मीबाई टिळक? 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ सालचा. शाळेची रीतसर पायरी न चढलेल्या त्या बाईने जसे बोलावे तसे लिहिले, म्हणून तर नव्वद वर्षांनीही ते पुस्तक शिळे होत नाही.

मी ताईंच्या घरी गेलो, सरळ माफी मागितली. त्यांनी पाठवलेले आवाजाचे तुकडे सुदैवाने माझ्या मोबाइलवर होते. आम्ही दोघांनी बसून चारही लेख पुन्हा त्यांच्या बोलीत उतरवले. 'पानी' परत आले, 'डोले' परत आले. 'अविस्मरणीय' गेला. शेवटी त्यांनी मोबाइल दूर धरून सगळे एकदा वाचले आणि एवढेच म्हणाल्या, "आता बरा हाय."

इथे कोणी म्हणेल, म्हणजे शुद्धलेखन सोडूनच द्यायचे की काय? मुळीच नाही. चूक आणि बोली यांत फरक आहे. मोबाइलवर पुष्कळांना 'ऱ्या' काढता येत नाही आणि मग 'दुसऱ्याला' ऐवजी भलतेच काहीतरी उमटते. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाच्या आठवणीत लिहिले होते, "आचार्यांना जिलबी बिघडल्याबद्दल मी फैलावर घेतले." त्यांना म्हणायचे होते आचाऱ्यांना! असे दिसले की मी जरूर सांगतो. आधी ऱ, मग पाय मोडायचा, मग य, एवढी युक्ती शिकवतो. पण आता मी स्वतः हात लावत नाही. दाखवतो आणि विचारतो, "हे असंच हवं आहे का?" माणूस 'हो' म्हणाला की विषय संपला. वही त्याची आहे.

दुसरी चूक अंबरनाथची. ती याहून साधी आहे आणि म्हणूनच जास्त बोचते. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. त्यांना कारखान्यातल्या गोष्टी नव्हे, तर आसपासच्या वस्तीच्या गोष्टी लिहायच्या होत्या. पाळी सुटल्याचा भोंगा, सायकलींची रांग, विम्कोचा काड्यापेटीचा कारखाना, जो गेला पण नाक्याला आपले नाव ठेवून गेला. दर रविवारी ते एक लेख लिहीत. भाषा झकास, विनोद अंगचा. खाते उघडताना त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. मी म्हटले, "असू द्या, माझा नंबर घालतो, नंतर बदलू." तो नंतर कधी उगवला नाही. पुढे मी तो नंबर सोडून दुसरा घेतला. पासवर्ड त्यांनी तोंडपाठ केला होता. कागदावर लिहून ठेवणे त्यांना धोक्याचे वाटे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले. तेविसावा लेख त्यांचा शेवटचा. त्याच्या अखेरीला त्यांनी लिहिले होते, "उरलेले पुढच्या रविवारी."

काही महिन्यांनी त्यांच्या पत्नीने मला बोलावले. वहिनींना एवढेच हवे होते, की त्या ओळीखाली दोन शब्द लिहावेत, की हे लिहिणारे आता नाहीत, वाचकांनी वाट पाहू नये. आम्ही तासभर खटपट केली. खाते उघडण्यासाठी लागणारा सांकेतिक आकडा माझ्या जुन्या नंबरवर जात होता आणि तो नंबर तोवर दुसऱ्याच कोणाचा झाला होता. ब्लॉग समोर दिसत होता, पण त्याला हात लावता येत नव्हता. वहिनी काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांच्याकडे वर मान करून पाहता येईना. आपण ज्याला मदत म्हणतो ती घाईत केली की दुसऱ्याच्या घराची किल्ली अशी आपल्या खिशात राहून जाते.

तेवीसही लेख आम्ही उतरवून घेतले, त्यांची झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंग करून प्रत केली. मग त्यांच्या उरलेल्या वह्यांसाठी वहिनींच्या नावाने, वहिनींच्याच नंबरवर नवा ब्लॉग उघडला. त्या रोज पाच-सहा ओळी टाइप करतात. पहिल्याच लेखाचे नाव त्यांनी ठेवले, 'पुढचा रविवार'.

जाळ्यावर टाकले की ते अमर झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जिओसिटीज या ठिकाणी लोकांनी हौसेने बांधलेली पाने २००९ मध्ये बंद झाली. आपल्या पोरांनी ज्या ऑर्कुटवर रात्री जागवल्या, ते २०१४ मध्ये मिटले. गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले, की दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकले जाऊ शकते. नदीचा पूर वह्या नेतो, हा पूर न दिसता येतो, एवढाच फरक. त्यावर उपाय अवघड नाहीत. खाते लिहिणाऱ्याच्याच नावाने आणि नंबरवर असावे. पासवर्ड एका कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावा आणि घरातल्या एकाला तो कुठे आहे ते सांगावे. आपल्यामागे खात्यातला मजकूर कोणाला मिळावा, हे आधीच नेमून ठेवण्याची सोय गुगलने २०१३ पासून केलेली आहे. ती दहा मिनिटांत भरून होते. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, सगळा मजकूर उतरवून घ्यावा आणि कागदावर छापून ठेवावा. बदलापुरात श्याम जोशी यांच्या ग्रंथसखा वाचनालयात जुनी मराठी नियतकालिके पाहिली की पटते, कागद कितीही जुना होवो, तो उघडायला पासवर्ड लागत नाही.

तिसरी हकीगत उल्हासनगरची. ती माझ्या चुकीची नाही, माझ्या अज्ञानाची आहे आणि या अज्ञानानेच मला शहाणे केले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना जागा दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले, तरी लोक अजून पत्ता सांगतात तो 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असाच. त्यातल्या एका कॅम्पात राहणारे ऐंशी ओलांडलेले एक दादा. लहानपणी आईचे बोट धरून बराकीत आले. बराकीतल्या दोन कुटुंबांमध्ये गोणपाटाची भिंत होती, ते त्यांना आठवते. त्यांनी आठवणी लिहिल्या होत्या, पण सिंधीत आणि तीही उजवीकडून डावीकडे लिहायच्या अरबी वळणाच्या लिपीत. घरातली नातवंडे सिंधी समजतात, थोडीफार बोलतात, पण ती लिपी एकालाही वाचता येत नाही. म्हणजे आजोबांनी लिहिलेले त्यांच्याच घरात वाचायला माणूस नाही!

सिंधीला १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, पण लिपी अरबी वळणाची की देवनागरी, हा वाद भारतात पिढ्यान् पिढ्या चालत आला. आम्ही तो वाद सोडवायला गेलो नाही. दादा मोठ्याने वाचत, नात मोबाइलवर देवनागरीत टाइप करी. ब्लॉगवर प्रत्येक लेखात आधी दादांच्या हस्ताक्षराचा फोटो, त्याखाली देवनागरीतला मजकूर आणि शेवटी त्यांच्या आवाजातले वाचन. पहिल्या दिवशी मला काही अक्षरांखाली आडवी रेघ दिसली. ग, ज, ड, ब खाली. सवयीने माझे बोट पुढे गेले, "बेटा, इथे काहीतरी चुकून उमटलंय." नात पटकन म्हणाली, "नहीं अंकल, वो लाइन निकालना मत. वही तो सिंधी है!" ते आवाज मराठीत नाहीत, हिंदीत नाहीत. त्या रेघेत सिंधी माणसाचा गळा होता आणि मी तो डाग समजून पुसायला निघालो होतो.

त्यानंतर मी हात मागे घेऊनच बसलो. मला भाषा कळत नव्हती, त्यामुळे लुडबुड करता येत नव्हती. बटण कुठे, फोटो कसा चढवायचा, एवढेच सांगितले आणि तीन रविवारांनी त्यांना माझी गरजच उरली नाही. मी काढून दिलेल्या ब्लॉगांत आज सर्वांत नेटाने चालणारा हाच आहे. याचा अर्थ काय घ्यायचा तो मी घेतला.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला नेहमीचा : "हल्ली सगळे व्हॉट्सॲपवर आहेत, ब्लॉग वाचतो कोण?" खरे आहे, फार जण वाचत नाहीत. पण व्हॉट्सॲपवर टाकलेला मजकूर संध्याकाळपर्यंत शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. चांगला असेल तर फिरतो, पण लिहिणाऱ्याचे नाव गळून पडते आणि महिन्याने तोच लेख दुसऱ्या कोणाच्या नावाने लेखकाकडेच परत येतो. ब्लॉगवर तारीख असते, नाव असते आणि दहा वर्षांनी शोधले तरी सापडते. वहिनींच्या ब्लॉगवर परदेशातल्या कोणा मराठी मुलीने विचारले, "माझे आजोबा याच कारखान्यात होते, तुम्हाला आठवतात का?" हे व्हॉट्सॲपच्या गटात घडले नसते.

दुसरा आक्षेप जरा तिखट असतो : "ज्याने त्याने लिहायला लागायचे म्हणजे केवढा कचरा!" असेलही. पण लग्नपत्रिका छापताना आम्ही कोणाला विचारले नाही, की तुमचे लग्न वाङ्मयीन दृष्ट्या कितपत महत्त्वाचे आहे. ज्याच्या घरचे कार्य त्याच्यासाठी ते मोठे. नातवाला आजीचे हस्ताक्षर हवे असते, समीक्षा नको असते.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, मोह आहे. आता दोन ओळी सांगितल्या की अख्खा लेख लिहून देणारी यंत्रे आली आहेत. परवाच एकाने मला असा लेख दाखवला. निर्दोष होता. एक वेलांटी चुकलेली नव्हती. मी विचारले, "यात तुमची आई कुठे आहे?" तो लेख आईवरच होता. यंत्राला मी नावे ठेवत नाही. ज्या माणसाने ताईंच्या लेखात 'अविस्मरणीय' घातला, त्याला तो अधिकारच नाही. एवढेच वाटते, की माझ्यासारखा एक नीटनेटका मदतनीस आता प्रत्येकाच्या खिशात आला आहे, तेव्हा प्रत्येकाने जरा सांभाळावे.

घरोघरच्या मुला-नातवंडांना माझे एक सांगणे आहे. आई-बाबांना, आजी-आजोबांना ब्लॉग काढून देण्याची इच्छा झाली तर जरूर द्या. पण मोबाइल त्यांच्या हातात द्या आणि बोटही त्यांनाच दाबू द्या. दहा वेळा चुकेल, आपला जीव वरखाली होईल, तरी हिसकावून घेऊ नका. घराचा पत्ता, नातवंडांच्या शाळेचे नाव, बँकेचे काही त्यात येऊ नये, एवढे सांगा. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट लिहिताना त्या माणसाला आधी विचारावे, हेही सांगा, नाही तर एका लेखावरून दोन भावांची भाऊबीज बंद पडल्याचे मी पाहिले आहे. आणि वाचून झाल्यावर चुका सांगण्याआधी एक प्रश्न विचारा, "मग पुढे काय झालं?" थांबलेल्या माझ्या वीस-पंचवीस ब्लॉगांचा हिशेब मांडला तर तंत्र जमले नाही म्हणून थांबलेले थोडेच. पुढे काय झाले, असे घरातल्या कोणीच विचारले नाही म्हणून थांबलेले जास्त.

गेल्या रविवारी बेल वाजली नाही. सौ. म्हणाली, "आज गिऱ्हाईक नाही वाटतं?" दुकानदाराला गिऱ्हाईक परत आले नाही की काळजी वाटते, माझे उलटे आहे. चहा घेता घेता मोबाइल उघडला तर ताईंचा नवा लेख आलेला. सासूबाईंनी त्यांना पहिला धवला शिकवला त्या रात्रीचा. मी वाचायला लागलो. दोन ठिकाणी बोलीचा काही संबंध नसलेल्या चुका दिसल्या, सरळ सरळ बोट घसरल्याच्या. बोट शिवशिवले. पण मोबाइल तसाच सौ.च्या हातात दिला आणि म्हटले, "तू मोठ्याने वाच."

तिने वाचला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मग? पुढे काय झालं?"

तेवढेच मी ताईंना कळवले.